चित्र आणि सीमाअटी

विद्युच्चुंबकत्व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास कठीण जाते, त्याचे कारण केवळ गणित नव्हे. क्षेत्र डोळ्यांस दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे वर्णन परभाषेत ऐकावे लागते. नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 69 टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते; भिली, पावरी, अहिराणी या तेथील घरच्या भाषा. तेथे हे अंतर दुणावते. म्हणूनच मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील सायलॅबविषयीचे मराठी पाठ विचारात घेण्याजोगे आहेत.

त्यांचे गुण उघड आहेत. सायलॅब विनामूल्य आहे. पाठ लहान असून ऐकता ऐकता शेजारीच कृती करावयाची असते. निवेदन मराठी, पण पडद्यावरील मजकूर इंग्रजीच, हे वैगुण्य सोसण्याजोगे आहे. खरा प्रश्न निराळा आहे: हे पाठ साधन शिकवितात, विषय शिकविण्याचा भार अध्यापकावरच राहतो.

एक उदाहरण घेऊ. चौरस छेदाच्या लांब पेटीची एक भिंत 100 व्होल्टवर व उरलेल्या तीन शून्यावर आहेत. लाप्लासचे समीकरण सोडविण्यासाठी जाळीतील प्रत्येक आंतरबिंदूस चार शेजाऱ्यांची सरासरी पुनःपुन्हा द्यावयाची. संगणक रंगीत चित्र काढील. परंतु केंद्रावरील विभव किती, हे कळ दाबण्यापूर्वीच सांगता येते. चारही भिंती 100 व्होल्टवर असत्या तर आत सर्वत्र 100 च असते. सममितीमुळे प्रत्येक भिंतीचा केंद्रावरील वाटा समान, म्हणून उत्तर 25. शून्यापासून आरंभ करून उत्तर त्याहून कमी आले, तर पुनरावृत्ती अपुरी पडली. मात्र केंद्र बरोबर आले म्हणून सारे चित्र बरोबर, असे नव्हे. एकच आंतरबिंदू घेतला तरी सरासरी 25 च येते. जाळी पुरेशी बारीक आहे की नाही, हे अन्य बिंदूंवर तपासावे लागते.

हा विचार कोणतीही आज्ञावली आपण होऊन करवीत नाही. चुकीच्या सीमाअटींचे चित्रही तितकेच देखणे निघते. ज्यास भाषेचा अडसर आहे, त्यास चित्राचा आधार अवश्य द्यावा; परंतु तेवढ्यावर त्याची बोळवण करणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय होय. प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृतीपूर्वी अपेक्षित उत्तर व त्याचे कारण, विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेत का होईना, लिहिलेले असावे. गुण प्रथम त्यास द्यावेत.