‘चेन रिअ‍ॅक्शन’ : एका संज्ञेचा उगम आणि मराठीतील तिचा वापर

‘चेन रिअ‍ॅक्शन’ ही संज्ञा मराठीत दोन रूपांनी रुळली : पाठ्यपुस्तकांत ‘शृंखला अभिक्रिया’, वृत्तपत्रांत ‘साखळी प्रक्रिया’. ‘साखळी’ हा ‘शृंखला’ याच शब्दाचा प्राकृतातून झिजत आलेला वंशज असल्याने या दोहोंतील प्रतिमा एकच आहे.

संज्ञेचे कूळ अणुविज्ञानातील, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. हायड्रोजन व क्लोरीन यांच्या मिश्रणात प्रकाशाचा एकच कण शोषला गेला तरी हजारो रेणू का घडतात, याचा उलगडा करताना माक्स बोडेनश्टाइन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१३ साली ही कल्पना मांडली. लिओ झिलार्ड याने १९३३ साली ती न्यूट्रॉनांना लावली आणि २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मीने ती प्रत्यक्षात आणली. बोईसरच्या रासायनिक कारखान्यांचे शास्त्र आणि तारापूरच्या अणुभट्टीचे शास्त्र यांची सोयरीक या शब्दापुरती तरी जुनी आहे.

वृत्तपत्रीय वापरात मात्र ‘साखळी’ म्हणजे हाताबाहेर गेलेला अनर्थ. वस्तुस्थिती उलट आहे. युरेनियम-२३५ च्या एका विखंडनातून सरासरी सुमारे अडीच न्यूट्रॉन सुटतात. ते सारेच पुढे विखंडन घडवू लागले तर साखळी न होता फांद्या फुटलेला वृक्ष होईल. १९६९ पासून व्यापारी वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या अणुभट्ट्या स्थिर चालतात तेव्हा त्यांतला सरासरी एकच पुढचे विखंडन घडवतो, उरलेले शोषले जातात वा निसटतात. कडीला कडी असे रूप तेथेच दिसते.

अधिक गंभीर दोष कार्यकारणभावाच्या विवेचनात येतो. साखळीत प्रत्येक दुवा सारख्याच तोलाचा. त्यामुळे घटाच्या कारणांत कुंभाराचा बापही बसतो. नैयायिकांनी त्याला ‘अन्यथासिद्ध’ ठरवून वगळले, आणि कुंभाराला निमित्तकारण मानले. (व्यवहारात ‘निमित्त’ म्हणजे केवळ सबब, ही त्या शब्दाची अवनती होय.) हा विवेक साखळीच्या प्रतिमेत उरत नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांचे विस्थापन झाले. त्याला ‘विकासाच्या साखळीतील एक दुवा’ म्हटले की वाक्यातून कर्ताच नाहीसा होतो. विखंडनाला निर्णय घ्यावा लागत नाही. भूसंपादनाला घ्यावा लागतो, आणि त्या कागदावर कोणाची तरी सही असते.