पंप, पिशवी, कोयता

शरीराला यंत्र म्हटलं की मला राग येत नाही. मी इंजिनिअर आहे, यंत्र हा माझ्यासाठी अपमानाचा शब्द नाही. हृदय म्हणजे पंप, मूत्रपिंड म्हणजे गाळणी, हे शाळेत ऐकलं तेव्हा उलट बरंच वाटलं होतं. आत काय चाललंय ते आपल्यालाही कळू शकतं, असं वाटलं होतं. आमच्याकडची म्हातारी माणसं गुडघे धरून 'वंगण संपलं' म्हणतात, माझ्या वयाची 'बॅटरी डाऊन' म्हणतात. यात कुणी कुणाला कमी लेखत नाही.

मराठी समीक्षेत मात्र मर्ढेकरांच्या 'काही कविता'पासून (१९४७) एक सूर ठरून गेलाय: यंत्र आलं, माणूस हरवला. मुंबईच्या गर्दीकडे बघताना तो खरा असेल. गंगाखेडकडून बघितलं तर तो अपुरा पडतो. इथे मला आधी विचारावंसं वाटतं की हे यंत्र मोजतंय कोण, आणि त्याची दुरुस्ती कुणाच्या खर्चानं होते.

फ्रिट्झ कान नावाच्या जर्मन डॉक्टरचं १९२६ सालचं एक पोस्टर नेटवर सहज सापडेल. माणसाचा उभा छेद आणि आत अख्खा कारखाना: पाइप, पट्टे, कंट्रोल रूम. जरा झूम करून बघा. डोक्यातल्या खोल्यांत साहेब लोक बसलेत, खाली पचनाच्या विभागात कामगार राबताहेत. शरीर हे यंत्र आहे हे दाखवायला निघालेल्या माणसाला ते चालवायला आत माणसंच बसवावी लागली! विचार करणारे वर, पचवणारे खाली, ही उतरंड शरीरशास्त्रातून आलेली नाही. ती बाहेरच्या कारखान्यातून जशीच्या तशी आत आलीय. त्या खालच्या कामगाराची पाठ दुखली तर काय, हा प्रश्न पोस्टरला पडत नाही. चित्र सुंदर आहे, पण त्याचं कौतुक करताना हे सुटतं.

आमच्या परभणी जिल्ह्यात असलं पोस्टर कुणी काढलं नाही. गरज नव्हती, ते बोलण्यातच आहे. दिवाळीच्या आसपास इथल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला, आणि नवरा-बायकोची जोडी मोजली जाते 'एक कोयता' म्हणून. माणसं दोन, हत्यार एक. दिवस बुडाला की 'खाडा', आणि खाड्याला दंड. आता पाळीचं दुखणं घेऊन उसाच्या फडात उभ्या असलेल्या बाईला हा हिशेब लावून बघा.

तिसरा शब्द 'पिशवी'. गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो, आणि पिशवी म्हटल्यावर ती काढून ठेवायला किती वेळ लागतो? शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या बायकांच्या या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिथल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. साधारण सहातली एक. त्यात चाळिशीच्या आतल्या कितीतरी.

माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. चालू सिस्टिममधून एखादं मॉड्यूल काढायचं तर आधी त्याच्यावर काय काय अवलंबून आहे ते तपासतात. शिकाऊ पोरगंसुद्धा तपासतं. गर्भाशयासोबत अंडाशय काढलं तर हार्मोन्स जातात, हाडं लवकर ठिसूळ होतात. म्हणजे या बाईला यंत्र समजलं गेलं, ही तक्रारसुद्धा पुरती खरी नाही. तिला यंत्राइतकंही सांभाळलं गेलं नाही. गाळप संपलं की साखर कारखान्याची दुरुस्ती निघते, रोलर खोलतात, बॉयलर तपासतात, त्यासाठी बजेट असतं. कोयत्याच्या दुरुस्तीचा खर्च मात्र कोयत्यानंच करायचा, बहुतेक वेळा पुढची उचल घेऊन.

(आमच्या धंद्यात माणसाला 'रिसोर्स' म्हणतात. 'दोन रिसोर्स कमी पडताहेत.' एसीत बसून कोयत्याशी बरोबरी सांगणार नाही, पण मोजायची सवय एकाच घराण्यातली आहे.)

आणि तरी याच गंगाखेडची जनाबाई आहे, जिनं सातशे वर्षांपूर्वी स्वतःच्या जगण्याचं यंत्र करून दाखवलं. तिच्या जात्याच्या अभंगात जीव आणि शिव हे जात्याचे दोन खुंटे होतात आणि दळण असतं प्रपंचाचं. सुटे भाग नीट सांगितलेले आहेत, एखाद्या मेकॅनिकनं सांगावेत तसे. पण जातं एकटीनं ओढणं जड जातं. समोर कुणीतरी बसावं लागतं, खुंट्याला दुसरा हात लागावा लागतो. म्हणून ती विठ्ठलाला हाक मारते: ये, बोटं लाव. कानच्या कामगारांना एकमेकांची नावं माहीत नाहीत, जनाबाईला समोरच्याचं नाव माहीत आहे. माझ्या लेखी तिचं यंत्र कानच्या यंत्रापेक्षा अचूक आहे, कारण त्यात ते चालवण्याचे कष्ट दिसतात.

विठ्ठल जनीचं दळण दळू लागला, ही गोष्ट आपण चमत्कार म्हणून ऐकतो, कॅलेंडरवर बघतो. मला ती दरवेळी जरा बोचते. जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होती, दळण त्या घराचं होतं. घर माणसांनी भरलेलं होतं, आणि दुसरा खुंटा धरायला देवाला बोलवावं लागलं.