लिंडची लिंबे: अर्धीच सांगितलेली गोष्ट

स्कर्व्हीचा धडा आला की जेम्स लिंडची गोष्ट ठरलेली. १७४७ साली 'सॅलिस्बरी' जहाजावर त्याने १२ आजारी खलाशांच्या सहा जोड्या करून व्हिनेगर, समुद्राचे पाणी, सायडर असे निरनिराळे उपाय योजले. रोज दोन संत्री व एक लिंबू मिळालेली जोडी सहा दिवसांतच सुधारली. झाले, शोध लागला!

आमचा आक्षेप या 'झाले'ला आहे. १७५३ साली निघालेल्या लिंडच्या जाडजूड ग्रंथात या प्रयोगाला मोजकीच पाने मिळाली आहेत. दमट हवेने घामाची रंध्रे बुजून रोग होतो, असेच तो मानत राहिला. अन्नातला एखादा घटक कमी पडल्यानेही रोग होतो, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. रस टिकावा म्हणून तो तापवून आटवण्याची कृतीही त्याने दिली. उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होते. म्हणजे औषधातले औषधच बरेचसे गेले! ब्रिटिश आरमाराने लिंबूरस द्यायचे ठरवले ते १७९५ साली.

पाठ्यपुस्तकांनी नेमके हेच गाळावे, याचे नवल वाटते. शिक्षकांनी तरी हा आटवलेला रस वर्गात जरूर सांगावा. घरी भाजी उकळून पाणी ओतून देतात, ती मुले लगेच प्रश्न विचारतील.