गळतीचा हिशेब आणि शाळेची गुणवत्ता

शाळेची गुणवत्ता तिच्या परीक्षेच्या निकालावरून ठरविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. मात्र निकालाची टक्केवारी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यांवर काढली जाते. परीक्षेपूर्वीच शाळा सोडून गेलेला विद्यार्थी त्या हिशेबात कोठेच नसतो. नववीत १०० मुले दाखल झाली, दहावीच्या परीक्षेस ६० बसली आणि ५७ उत्तीर्ण झाली, तर निकाल ९५ टक्के लागतो. दाखल मुलांच्या प्रमाणात तोच निकाल ५७ टक्के आहे. या तफावतीचा शाळांच्या वर्तनावर काय परिणाम होतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते.

ह्यूस्टनचा अनुभव

टेक्सास राज्यात १९९० च्या दशकात शाळांचे मूल्यांकन चाचणीचे गुण व गळतीचे प्रमाण यांवर होत असे. ह्यूस्टन शहराच्या शाळांनी गळती अवघी दीड टक्का असल्याचे दाखविले. तेथील शिक्षण अधीक्षक रॉड पेज २००१ मध्ये अमेरिकेचे शिक्षणमंत्री झाले. २००२ च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यामागे टेक्सासच्या या कथित यशाची मोठी प्रेरणा होती.

२००३ मध्ये या यशाचे खरे स्वरूप बाहेर आले. शार्प्सटाउन हायस्कूलमध्ये सुमारे १,७०० विद्यार्थी होते. एका वर्षात त्यांपैकी ४६३ जणांनी शाळा सोडली होती, तरी गळती शून्य नोंदविली गेली. शाळेचे सहायक प्राचार्य रॉबर्ट किंबॉल यांनी ही बाब उघड केली. राज्याने १६ शाळांतील सुमारे ५,५०० नोंदी तपासल्या, तेव्हा जवळपास ३,००० मुलांची गणना गळतीत व्हावयास हवी होती व ती झालेली नव्हती, असे आढळले. शाळा सोडण्याच्या कारणांना सांकेतिक क्रमांक होते. ‘दुसऱ्या शाळेत गेला’, ‘मायदेशी परतला’ असा क्रमांक टाकला की मूल गळतीतून वगळले जाई.

व्याख्येतील दोष

हा दोष केवळ अप्रामाणिकपणाचा नाही. वार्षिक गळती ५ टक्के हा आकडा किरकोळ वाटतो. परंतु चार वर्षे तीच गती राहिली तर १०० पैकी सुमारे ८१ मुलेच शेवटपर्यंत टिकतात. शिवाय २००२ च्या कायद्यात चाचणीचे गुण वंश, भाषा व आर्थिक स्थितीनुसार वेगळे दाखवून त्यावर शाळेचे उत्तरदायित्व ठरत असे. पदवी मिळविणाऱ्यांच्या प्रमाणाची व्याख्या व उद्दिष्टे मात्र बहुतांशी राज्यांवर सोपविली होती. परिणामी दुर्बल विद्यार्थी शाळेत राहिला तर सरासरी घसरे, गेला तर सुधारे. ज्या मुलांसाठी कायदा केला, त्यांनाच बाहेर ढकलण्याचा मोह त्याने निर्माण केला.

२००८ च्या नियमांनी ही उणीव बरीचशी दूर केली. नववीत प्रथम प्रवेश घेणारा गट निश्चित करून त्यांतील किती जणांना चार वर्षांत पदवी मिळाली, हे मोजणे २०१०-११ पासून सक्तीचे झाले. लेखी पुराव्याशिवाय ‘बदली’ मान्य होत नाही. या मोजणीनुसार राष्ट्रीय प्रमाण २०१०-११ मध्ये ७९ टक्के होते, ते २०१८-१९ मध्ये ८६ टक्के झाले.

दुसरी बाजू

या सुधारणेवरही आक्षेप आहेत. दारिद्र्य व स्थलांतर यांचे खापर शाळेवर का फोडावे, हा प्रश्न रास्त आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वॉशिंग्टन शहरात २०१७ साली पदवी मिळालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश विद्यार्थ्यांना उपस्थितीचे व अन्य नियम डावलून पदवी दिल्याचे २०१८ च्या चौकशीत दिसून आले. म्हणजे केवळ गुण मोजले तर मुले बाहेर जातात आणि केवळ टिकणे मोजले तर पदवी स्वस्त होते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवूनच वाचले पाहिजेत.

आपल्यासाठी बोध

सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले एकतर कधी शाळेत गेली नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. अशा समाजाच्या संस्थांनी ‘शंभर टक्के निकाल’ हीच कसोटी मानणे आत्मवंचना ठरेल. महाराष्ट्रात कच्च्या विद्यार्थ्याला १७ नंबरचा फॉर्म भरावयास लावून शाळेचा निकाल राखण्याचा प्रकार शिक्षकांना अपरिचित नाही. आठवीनंतर घरी बसविलेली मुलगी तर कोणत्याच निकालपत्रकात दिसत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक शाळेचे जनरल रजिस्टर उपलब्ध आहे. पाचवीत किंवा आठवीत दाखल झालेल्या तुकडीची नावे घेऊन त्यांतील प्रत्येक मूल दहावीच्या वर्षी कोठे आहे, हे पाहावे. दाखला नेलेल्या मुलाचे नाव पुढील शाळेत खरोखर दाखल झाले का, याची खात्री करावी. महाविद्यालयीन अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून द्यावे आणि संस्थेने वार्षिक अहवालात निकालाच्या शेजारी हा आकडा छापावा. तो छोटा असेल, कदाचित लाजिरवाणाही असेल. परंतु जी मुले आज कोणाच्याच मोजणीत नाहीत, त्यांचा शोध तेथूनच सुरू होऊ शकतो.