पायथ्याचे गाव : मराठी दुर्गलेखनाची एक मर्यादा

मराठीत किल्ल्यांवर विपुल लिहिले गेले आहे. चिंतामण गंगाधर गोगटे यांच्या 'महाराष्ट्र देशातील किल्ले'पासून गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'पर्यंत आणि पुढे प्र. के. घाणेकरांच्या पुस्तकांपर्यंत ही परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. हे लेखन वाचून दोन-तीन पिढ्या सह्याद्रीत हिंडल्या. त्या ऋणात मीही आहे. तरीही सोलापुरात बसून ते वाचताना एक अडचण वारंवार जाणवते. आमच्याकडे किल्ले पुष्कळ आहेत, पण चढायला काही नाही.

सोलापूरचा भुईकोट सिद्धेश्वर तलावाच्या काठी, भर शहरात उभा आहे. परंडा, करमाळा, भीमेच्या काठचा माचणूर हे सगळे सपाटीवरचे. बोरी नदीच्या वळणावरचा नळदुर्गही भुईकोटांतच गणला जातो. शिवाय या भागातल्या कितीतरी गावांत पांढऱ्या मातीची एखादी गढी, निदान एखादा ढासळलेला बुरूज असतो. आमच्या दुर्गलेखनात या साऱ्यांच्या वाट्याला बहुधा माहितीची दोन पाने येतात : कोणी बांधला, कोणी जिंकला, तटाला बुरूज किती. राजगड-तोरण्यावर लिहिताना जी भाषा फुलते, ती इथे आटते. असे का व्हावे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

माझ्या मते कारण लेखनाच्या घडणीत आहे. मराठी दुर्गलेखाचा एक साचा ठरून गेला आहे. पायथ्याचे गाव, तिथला वाटाड्या, दमवणारा चढ, दरवाजा, टाक्याचे गार पाणी, माथा, माथ्यावरून दिसणारा मुलूख आणि तिथे होणारे इतिहासाचे स्मरण. या साच्यात गाव दोनदाच येते, चढण्यापूर्वी आणि उतरल्यावर. अर्थ सापडतो तो माथ्यावर. याला मी 'चढण्याचे लेखन' म्हणतो. सह्याद्रीत ते खोटे नाही. तिथे किल्ला वस्तीपासून खरोखरच तुटलेला असतो. दोष आहे तो पुढचा : हा साचा हळूहळू मोजमाप बनला. ज्या किल्ल्याला माथा नाही, त्याला गोष्टही नाही, असे आपण न बोलता मानू लागलो.

सपाटीवर किल्ला गावात असतो आणि गाव किल्ल्यात. तिथे इतिहासही वेगळ्या रीतीने घडतो. १५२४ मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा विवाह विजापूरच्या इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी सोलापुरात झाला. सोलापूरचा किल्ला आंदण द्यायचे ठरले होते, तो दिला गेला नाही, आणि त्या आंदणावरून दोन शाह्यांमध्ये पुढची कित्येक वर्षे लढाया झाल्या. परंड्याची मुलूखमैदान तोफ १६३२ मध्ये विजापूरला गेली, तीही याच ओढाताणीत. या लढायांनी कडे-कपारी ओलांडल्या नाहीत. त्या ज्वारीच्या रानांतून, वेशींवरून गेल्या. तेव्हा या किल्ल्यांचे वर्णन करायचे तर दोन किल्ल्यांमधल्या गावांचे वर्णन करणे भाग आहे.

असे लेखन कसे असते, हे पाहायला थोडे बाहेर जाऊ. फ्रान्सच्या ग्रामीण भागात चालणारे लोक मुख्यतः गावाकडून गावाकडे चालतात. झाडांवर, दगडांवर पांढरा-तांबडा पट्टा ओढून आखलेल्या लांब पल्ल्याच्या पायवाटा तिथे १९४७ पासून आहेत. दोर्दोन्य नदीच्या काठी बेनाक आणि कास्तेलनो हे किल्ले समोरासमोर आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात एक फ्रेंचांकडे, तर दुसरा बराच काळ इंग्रजांकडे होता. दोन्हींच्या अंगाला गावे बिलगलेली आहेत आणि वाट त्या गावांतूनच जाते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ मध्ये एक गाढवी बरोबर घेऊन सेवेनच्या डोंगराळ मुलखातून बारा दिवस चालला. पुढल्या वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकात गाढवी आहे, खानावळी आहेत, मठ आहे आणि मुख्य म्हणजे १७०२ मध्ये त्या मुलखात झालेल्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांच्या बंडाची आठवण आहे. ही आठवण त्याला केवळ पुस्तकांतून मिळत नाही. वाटेत भेटणाऱ्या माणसांच्या बोलण्यातही ती सापडते. आज त्याची वाट आखीव पायवाट झाली आहे.

पण यासाठी फ्रान्सला जायलाच हवे असे नाही. 'चालण्याचे लेखन' मराठीत आहे आणि ते उत्तम आहे. गंमत अशी की त्याचा एक मोठा नमुना खुद्द दांडेकरांचाच आहे. 'कुणा एकाची भ्रमणगाथा'मधला नर्मदेचा परिक्रमावासी गावांच्या दयेवर जगतो. कोणी भाकरी घातली तर खायचे, कोणी ओसरी दिली तर निजायचे. म्हणून तिथे माणसे ठसठशीत उतरतात. दुसरा नमुना इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखाचा. वारीबरोबर पंढरपूरला जाताना त्या भक्तीने भारावतात, आणि एकाच दिंडीतल्या माणसांची जेवणे जातीजातींनी वेगळी होतात हेही त्यांना सलते. हे दिसले, कारण त्या वाटसरूंच्या बरोबरीने चालत होत्या. वारी आणि परिक्रमा यांतून आलेली ही नजर आपल्या दुर्गलेखनाने किल्ल्याकडे कधी फारशी वळवली नाही, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

ही नजर घेऊन मी एका पौषात सोलापूरहून मंगळवेढ्याला चालत गेलो. अंतर सुमारे पंचावन्न किलोमीटर. तीन दिवस घेतले. मोठा रस्ता शक्यतो टाळून गाडीवाटांनी तिऱ्हे, कामती, बेगमपूर आणि भीमा ओलांडून माचणूर असा गेलो. दोन्ही बाजूंना शाळू उभा होता आणि हुरड्याच्या आगट्या पेटल्या होत्या. १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी याच परिसरात, ब्रह्मपुरीला होती. माचणूरचा कोट त्याच काळातला. कोटाला लागूनच सिद्धेश्वराचे देऊळ आहे आणि बादशहाला त्या देवापुढे हार मानावी लागल्याची कथा गावात सांगतात. इतिहास म्हणून ती तपासायला हवी. पण दिल्लीचा बादशहा चार वर्षे दाराशी येऊन बसला, तेव्हा गावाने ते ओझे कसे पेलले, याचा कथा हाही एक पुरावा आहे. केवळ तटाची लांबी मोजून तो हाती लागत नाही.

मंगळवेढ्याला पोचल्यावर मला या लेखाचे खरे कारण सापडले. संत चोखामेळा इथले. परंपरेप्रमाणे १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि त्याखाली चोखोबा आणि त्यांच्याबरोबरचे मजूर गाडले गेले. नामदेवांनी ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या वेचल्या आणि पंढरपुरात महाद्वारासमोर समाधी बांधली. ही कथा मराठी माणूस संतचरित्रात वाचतो. ती दुर्गसाहित्यातही असायला हवी, असे आपल्याला सुचत नाही. गावकूस म्हणजे गावाचा तटच. ज्याला त्याच्या आत राहण्याची मुभा नव्हती, तोच तो बांधताना मेला. किल्ला कोणी बांधला या प्रश्नाला आपले लेखन राजाचे नाव सांगते. मंगळवेढा त्याच प्रश्नाचे दुसरे उत्तर देतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांशी स्वराज्याची कथा जोडलेली आहे. ती प्रेरणा नसती तर हे लेखनच उभे राहिले नसते. निजामशाही-आदिलशाहीच्या कोटांबद्दल तशी ओढ कशी वाटावी? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, तेव्हा मलाही आनंद झाला. विषयच मराठ्यांच्या लष्करी भूदृश्याचा असल्यामुळे त्यात आमचा एकही कोट नाही, ही तक्रारही नाही. पण अभिमान हा लेखनाचा आरंभ असू शकतो, त्याची सीमा असू नये. शिवाय मराठेशाहीची अखेर पाहायची तर सपाटीवरच यावे लागते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी बापू गोखले पडले ते सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला.

ही चर्चा केवळ वाङ्मयीन नाही. नळदुर्गाचे धरण आणि त्याच्या पोटातला १६१३ चा पाणीमहाल पाहायला पावसाळ्यात गर्दी होते. मेडोज टेलरने आपल्या आत्मचरित्रात दीडशे वर्षांपूर्वी त्या किल्ल्याचे मन लावून वर्णन करून ठेवले आहे. गढ्यांना असा कोणी लेखक मिळालेला नाही. गढीची पांढरी माती माळवदावर घालायला चांगली, म्हणून लोक ती पिढ्यान्पिढ्या नेत आले. आता यंत्राने ती एका दिवसात नेता येते. वाटेतल्या एका गावात मी गढी विचारली, तेव्हा एका आजोबांनी शाळेच्या मैदानाकडे बोट दाखवले. "तिथं होती," म्हणाले, "आमच्या घरावर हाय की आता थोडी."

मी वर पाहिले. त्यांच्या माळवदावर पांढऱ्या मातीचा थर होता आणि त्यावर गवत उगवले होते. गढीचे उरलेले वर्णन तिथून सुरू करावे लागेल, आणि त्यासाठी आधी त्या घराच्या ओसरीवर बसावे लागेल.