धर्मोपदेशकाची विद्यार्थिदशा : दोन आत्मचरित्रांची साधनचिकित्सा

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती धर्मोपदेशक कसा घडत असे, असा प्रश्न निघाला म्हणजे दोन ग्रंथांकडे बोट दाखविलें जातें : बाबा पदमनजी यांचा ‘अरुणोदय’ (१८८८) व लक्ष्मीबाई टिळक यांचीं ‘स्मृतिचित्रें’ (१९३४-३७). दोहोंचें वाङ्मयीन मोल वादातीत आहे. येथें त्यांची परीक्षा केवळ इतिहासाचें साधन या नात्यानें करावयाची आहे.

कसोटी नवी नाहीं. कै. राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखर व अस्सल पत्र यांतील तारतम्य आपल्या अंगवळणीं पडलें आहे. बखरकारास शेवट ठाऊक असतो. पत्र लिहिणारास तो ठाऊक नसतो. या दृष्टीनें पाहतां आत्मचरित्र हें बखरीच्याच पंक्तीस बसतें.

बाबांचा बाप्तिस्मा बेळगांवीं १८५४ सालीं झाला, पाळकपदाची दीक्षा १८६७ सालीं मिळाली. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हां बाप्तिस्म्यास तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. कथेचा ओघ अंधाराकडून उजेडाकडे जाणार, हें ग्रंथाचें नांवच सांगतें. मुंबईच्या फ्री चर्चच्या विद्यालयांतील विद्यार्थी आपणांस दिसतो तो पहाटेच्या वाटेवरील प्रवासी म्हणून. ग्रंथाचा सारा भर बाप्तिस्म्यापूर्वींच्या अंतःकलहावर आहे. पुढील तेरा वर्षांतील उपदेशकाची नित्याची तयारी या रचनेंत गौण ठरते. हा ग्रंथकाराचा दोष नव्हे, ग्रंथप्रकाराची मर्यादा होय.

‘स्मृतिचित्रां’ची साक्ष निराळी. बाई स्वतःची फजितीही निःसंकोच सांगतात, म्हणून त्यांच्यावर विश्वास अधिक बसतो. परंतु रे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा व दीक्षा १९०४ ची; अहमदनगरच्या धर्मविद्यालयांत ते शिकविणारे होते. शिवाय साक्षी आहे ती गृहिणी. तिच्या डोळ्यांनीं आपणांस गुरूचें घर दिसतें, शिष्याची खोली दिसत नाहीं. जळगांवास १९०७ सालीं कविसंमेलन भरलें, त्यानंतर धरणगांवचे बालकवि ठोमरे कांहीं काळ टिळकांच्या घरीं राहिले. कवि म्हणून त्यांचें नांव उरलें. धर्मोपदेश शिकावयास आलेल्या सामान्य विद्यार्थ्याचें नांव कोणीं राखावें?

याचें उत्तर धुळ्यासच सांपडतें. १८९३ सालीं येथें सत्कार्योत्तेजक सभा निघाली, आणि कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं मठोमठीं हिंडून समर्थसंप्रदायाचीं बाडें जमविलीं. रामदासी शिष्याचें बाड म्हणजे काय? गुरुमुखानें ऐकलेलें, स्वतःच्या हातानें उतरलेलें, पुढें लोकांस सांगण्यासाठीं जवळ बाळगलेलें. धर्मविद्यालयांतील विद्यार्थ्याची वही हीच वस्तु आहे. प्रवचनाचें टांचण, पाठ केलेलीं वचनें, उतरून घेतलेलीं गीतें, समासांत शिक्षकाची दुरुस्ती, शेवटच्या पानावर खानावळीचा हिशेब : हें सर्व शेवट ठाऊक नसतांना लिहिलेलें असतें. म्हणून तें पत्राच्या तोडीचें.

पण पोथी म्हटली कीं आपण हात जोडतों आणि रुळाची वही म्हटली कीं रद्दींत घालतों. खानदेशांत स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचें काम विसाव्या शतकाच्या आरंभापासून चाललें. यवतमाळास १९५३ सालीं निघालेलें युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ सालीं पुण्यास गेलें. संस्था स्थलांतर करिते तेव्हां दप्तर बरोबर नेते. विद्यार्थ्याची वही मात्र त्याच्या घरच्या ट्रंकेंतच राहते, आणि ट्रंकेस वाळवी लागावयास एक पावसाळा पुरतो.

जळगांव-धुळ्याकडील संग्राहकांस आमची विनंति एवढीच. उपदेशकांच्या घराण्यांस भेटावें, त्यांच्या संमतीनें वह्यांच्या नकला घ्याव्या, साल, गांव व विद्यालय यांची नोंद करावी. ‘अरुणोदय’ व ‘स्मृतिचित्रें’ यांचें मोल त्यानें उणावणार नाहीं. बखर पडताळण्यास पत्र हातीं येईल, इतकेंच.