हा फोटो कुठला?

छत्री धरून चाललेली एक काळी आकृती, तिच्यामागे पिवळे दिवे आणि साचलेल्या पाण्यात उलटी दिसणारी सीएसएमटीची इमारत. हा फोटो मला आता बघवत नाही. पावसाळा आला की स्पर्धांत, प्रदर्शनांत, कॅलेंडरांवर आणि ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तो येतोच. फोटोग्राफर बदलतो, फोटो तोच राहतो. अलीकडेच एका प्रदर्शनात अशा फोटोंची भिंतभर रांग पाहिली. तंत्रात खोट काढायला जागा नव्हती, प्रिंटही देखणे होते. पण एकाही माणसाचा चेहरा दिसत नव्हता आणि एकाही फोटोखाली जागा किंवा तारीख नव्हती. मुंबईच्या रस्त्यांवर एवढे कॅमेरे पूर्वी कधी नव्हते. तरी या शहरातला माणूस फोटोत इतका अनोळखी झालेला मी पाहिलेला नाही. याचा मला मनापासून राग येतो.

बाकीच्या प्रवाहांविषयी फार बोलण्यासारखे नाही. ड्रोनमधून दिसणाऱ्या शहरात कुणी राहत असेल असे वाटत नाही. पुष्कर-वाराणसीचे जटाधारी साधू आता पुरे. इराणी हॉटेलांची कृष्णधवल हळहळ सुनी तारापोरवाला यांचे फोटो पाहिलेल्या कुणाला पटणार नाही, कारण त्यांनी आपल्या पारशी माणसांत राहून, वर्षानुवर्षे फोटो काढले. प्रतिबिंबे रघुबीर सिंग यांनीही भरपूर टिपली. त्यांच्या मुंबईत आरसे आहेत, दुकानांच्या काचा आहेत, पण त्या काचांमध्ये गर्दी मावते आणि गर्दीतला प्रत्येक जण वेगळा राहतो. आजच्या प्रतिबिंबांत फक्त दिवे उरले आहेत.

चांगल्या फोटोला मी एकच प्रश्न विचारतो: हा दुसऱ्या कुठल्या दिवशी, दुसऱ्या कुठल्या जागी काढता आला असता का? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर दहशतवादी हल्ला चालू असताना, वृत्तछायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा सीएसटीवर लोकलच्या एका डब्यात शिरले, तिथून नीट दिसेना म्हणून दुसऱ्या डब्यात गेले आणि बंदूकधारी समोरून जाण्याची वाट पाहत थांबले. त्यांनी काढलेला कसाबचा फोटो पुढे न्यायालयात पुरावा ठरला. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या मुलाचा चेहरा रघू राय यांनी कृष्णधवलात टिपला, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगात. त्या मुलाचे नाव कुणालाच कळले नाही. पण तो कुठे, केव्हा आणि कशामुळे गेला याविषयी त्या फोटोंपुढे उभ्या राहणाऱ्याला शंका उरत नाही. निनावी माणूसही फोटोत आपल्या पत्त्यासकट येऊ शकतो, तो असा.

ही परंपरा आज ज्यांच्यामुळे जिवंत आहे त्यांच्यात मी सुधारक ओलवे यांना सर्वांत वर ठेवतो. वृत्तपत्रातली नोकरी सांभाळून ते मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांकडे पुन्हा पुन्हा जात राहिले. ज्या कामाकडे सारे शहर नाक दाबून पाठ फिरवते, त्या कामाच्या अगदी जवळ त्यांनी कॅमेरा नेला. गटारात उतरलेला उघड्या अंगाचा माणूस, काळ्या गाळाने माखलेले त्याचे खांदे, हातमोजे नसलेले हात. हे फोटो पाहताना दया करण्याची मुभा मिळत नाही, कारण समोरचा माणूस थेट आपल्याकडे बघत असतो. शिवाय ओलवे गटारापाशी थांबले नाहीत. ते या माणसांच्या घरी गेले, त्यांची बायकामुले पाहिली, बापाच्या जागी वारसाने मुलगा त्याच कामावर लागतो ही रीत त्यांनी दाखवली. त्यामुळे त्यांचा एकेक फोटो बातमीही आहे आणि शहराचा रोजचा दिवसही. वृत्तछायाचित्र वेगळे आणि रस्त्यावरचे फोटो वेगळे, ही स्पर्धांच्या अर्जांवरची विभागणी ओलव्यांच्या कामापुढे टिकत नाही.

कुणी म्हणेल, मग प्रत्येक फोटोत चेहरा हवाच का? नको. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत शेतकरी मुंबईला आले. दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून कापला. त्या मोर्चाच्या फोटोंतून आपल्याला आठवतात ते पाय: सोललेले तळवे, फुटलेले फोड, भेगांत बसलेली धूळ. टाळेबंदीच्या काळात, ८ मे २०२० च्या पहाटे, औरंगाबादजवळ करमाडच्या परिसरात मालगाडीखाली १६ मजूर गेले. जालन्याहून गावाकडे निघालेले ते लोक गाड्या बंद आहेत असे समजून रुळांवर झोपले होते. त्या सकाळचा फोटो सर्वांनी पाहिला. रुळांमधल्या खडीवर पडलेल्या पोळ्या, आजूबाजूला चपला. त्यात एकही माणूस नाही. पण कुणीतरी त्या पोळ्या वाटेसाठी बांधून घेतल्या होत्या, हे कळल्यावर मजकूर वाचायची गरज पडत नाही. टाळेबंदीवर नंतर पुष्कळ लिहिले गेले. त्यातले काहीही त्या पोळ्यांइतके माझ्या लक्षात राहिलेले नाही.

छत्रीवाल्या आकृतीचे समर्थक सांगतात की आता लोक फोटो काढू देत नाहीत, भांडायला येतात. मग त्यांच्याशी बोला. परवानगी मागा, नाही म्हणाले तर पुढे चला, हो म्हणाले तर नाव विचारा. हे बोलणे म्हणजेच निम्मे छायाचित्रण आहे. दंगलीतल्या किंवा अत्याचारातल्या पीडितेचा चेहरा झाकणे हे कर्तव्य आहे आणि तिथे अंधार वापरणाऱ्याचा मी आदर करतो. पण लोकलची वाट पाहणाऱ्या बाईला काळी आकृती करून टाकण्यात तिचे कसलेही रक्षण नाही. त्यात फक्त फोटोग्राफरची संकोचातून सुटका आहे.

आणि दोष एकट्या फोटोग्राफरचा नाही. वृत्तपत्रांनी आपल्या फोटोग्राफरला रस्त्यावरून जवळपास उठवले आहे. मंत्र्यांच्या कार्यालयाने पाठवलेला फोटो जसाच्या तसा छापला जातो. त्यात सगळे चेहरे स्पष्ट असतात, फक्त ते सत्तेचे असतात. नागरिकांचे फोटो मोबाइलवरून उचलले जातात आणि खाली काढणाऱ्याचे नाव नसते. वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावाने छापले गेले, हे आपण आज खेदाने सांगतो. आजच्या निनावी फोटोंबद्दल तोच खेद कुणाला का वाटत नाही? नाव छापले की जबाबदारी येते. नाव नसलेला फोटो उद्या यंत्राने बनवला तरी वाचकाला कळणार नाही, आणि तशी यंत्रे आता प्रत्येकाच्या हातात आहेत.

म्हणून परीक्षकांनी आणि संपादकांनी एक नियम पाळावा. कुणी काढला, कुठे काढला, केव्हा काढला, ही तीन उत्तरे नसतील तर तो फोटो भिंतीवर लावू नये आणि पानावर घेऊ नये. या नियमाने कितीतरी सुंदर फोटो बाद होतील. व्हावेत. सुंदर पाऊस या शहरात पुन्हा पडेल, पण करमाडची ती सकाळ कुणी टिपली नसती तर ते सोळा जण सरकारी आकड्यात जिरून गेले असते. त्यांना त्या आकड्यातून बाहेर काढण्याची ताकद ज्या कलेत आहे, तिने डबक्यातल्या दिव्यांवर समाधान मानणे मला मान्य नाही.